सिलिकॉनच्या चिपवरची हलती पट्टी : कमी विजेच्या फेज-शिफ्टरच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२४

आमच्या प्रयोगशाळेतील जुन्या चिपवर ३२ फेज-शिफ्टर (प्रकाशलहरीची फेज, म्हणजे आवर्तनातली तिची जागा, सरकवणारे घटक) आहेत आणि ते सर्व हीटरवर चालतात. वेव्हगाइडशेजारची, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या सिलिकॉनच्या अरुंद वाटेशेजारची, धातूची तार तापवली की सिलिकॉनचा अपवर्तनांक वाढतो आणि प्रकाशाची फेज सरकते. परंतु अंशाला सुमारे ०.०००१८ एवढीच ही वाढ असल्याने, एका हीटरला पाय (π, म्हणजे अर्धे आवर्तन) एवढी फेज देण्यासाठी आमच्या मोजणीत २४ मिलिवॉट लागतात. हे ३२ हीटर एकाच वेळी चालवले की तळहाताएवढ्याही नसलेल्या चिपवर पाऊण वॉट उष्णता साठते आणि शेजारच्या हीटरची फेज न विचारता बदलते. मागचे संपूर्ण सत्र हा शेजारधर्म निस्तरण्यात गेले.

यावर उपाय म्हणून फेज तापवून न बदलता शेजारची सिलिकॉनची पट्टी हलवून बदलायची, असे ठरले. वेव्हगाइडच्या कडेबाहेर सांडलेल्या प्रकाशक्षेत्रात एखादी पट्टी जवळ आली की ‘परिणामी अपवर्तनांक’ (वेव्हगाइडमधल्या प्रकाशाला प्रत्यक्षात जाणवणारा अपवर्तनांक) वाढतो आणि ती दूर गेली की कमी होतो. पट्टी स्थिर विद्युत बलाने ओढली तर ती जागेवर धरून ठेवण्यासाठी प्रवाह वाहावा लागत नाही. कल्पना नवी नाही. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने याच वाटेने २०१६ मध्ये ६४ बाय ६४ आणि २०१९ मध्ये २४० बाय २४० चे ऑप्टिकल स्विच दाखवले आहेत. आम्हाला तूर्त एकच चांगला फेज-शिफ्टर हवा आहे. सरांना मी चार महिन्यांची मुदत सांगितली आहे.

१९ जानेवारी

पहिला आराखडा पूर्ण झाला. सिलिकॉनचा थर २२० नॅनोमीटर, त्याखाली २ मायक्रोमीटर ऑक्साइड, वेव्हगाइडची रुंदी ४५० नॅनोमीटर आणि तरंगलांबी १५५० नॅनोमीटर. पट्टी ६० मायक्रोमीटर लांब ठेवली आहे. या लांबीत पाय एवढी फेज मिळवायची तर परिणामी अपवर्तनांकात ०.०१३ एवढा बदल पुरतो.

पट्टी २ मायक्रोमीटर रुंद आणि भरीव आहे, ती १० मायक्रोमीटर लांब व ३०० नॅनोमीटर रुंद अशा चार स्प्रिंगांवर टांगली आहे आणि तिच्यात व वेव्हगाइडमध्ये २०० नॅनोमीटर फट ठेवली आहे. व्होल्टेज पट्टीला द्यायचे आणि वेव्हगाइड शून्यावर ठेवायचा, म्हणजे पट्टी आपोआप वेव्हगाइडकडे ओढली जाईल व वेगळ्या इलेक्ट्रोडची गरज पडणार नाही. हा आराखडा मला त्या दिवशी फार सुटसुटीत वाटला होता.

२७ फेब्रुवारी

ई-बीमने (इलेक्ट्रॉनांच्या झोताने) नक्षी उमटवून कोरणी केली. कोरणीपर्यंत सर्व व्यवस्थित झाले. आज रिलीज करताना, म्हणजे पट्टीखालचे ऑक्साइड खाऊन तिला मोकळी करताना, बारा घटकांपैकी बारा गेले.

त्याची दोन कारणे होती. पहिले असे की बाकीच्या वेव्हगाइडखालचे ऑक्साइड वाचवण्यासाठी मी साध्या फोटोरेझिस्टचा मुखवटा वापरला आणि चिप बफर्ड एचएफमध्ये (हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या द्रावणात) सुमारे पंधरा मिनिटे ठेवली. दहाव्या मिनिटाच्या आसपास रेझिस्टच्या कडा सुटल्या, आम्ल आत शिरले आणि दूरवरचे वेव्हगाइडही पोकळीवर लटकू लागले. दुसरे कारण मात्र सर्वस्वी माझे होते. पट्टी दोन्ही बाजूंनी १ मायक्रोमीटर पोखरल्यावर मोकळी होते, म्हणून मी थोडे जास्त, म्हणजे १.६ मायक्रोमीटर पोखरले. परंतु ज्या अँकरवर स्प्रिंग उभ्या होत्या ते अँकर मी ३ मायक्रोमीटर रुंद आखले होते. दोन्हीकडून १.६ गेले की ३ मधून काय उरते, हे पहिलीतल्या मुलालाही सांगता आले असते. चिप धुताना पट्ट्या, स्प्रिंगा आणि अँकर सारे एकत्र वाहून गेले. ते चिमुकले सांगाडे चिपच्या कोपऱ्यात एकावर एक साचलेले सूक्ष्मदर्शकाखाली दिसले.

या फेरीचा खर्च, म्हणजे ई-बीमचे तास, कोरणी आणि चिपचे तुकडे मिळून, ४१,००० रुपये. वेळ पाच आठवडे.

२१ मार्च

त्याच आराखड्यात अँकर १२ मायक्रोमीटरचे केले आणि द्रव आम्ल सोडून एचएफ वाफेकडे वळलो. द्रवात रिलीज केले की वाळताना पाण्याचा पृष्ठताण पट्टीला खाली किंवा बाजूला ओढून चिकटवतो. क्रिटिकल पॉइंट ड्रायरने हे टाळता येते, पण आमच्याकडील ड्रायर दुरुस्तीत होता आणि तो कधी परत येईल हे कोणी सांगत नव्हते.

वाफेतही पाणी असतेच, कारण ऑक्साइड आणि एचएफ यांच्या अभिक्रियेतून ते तयार होते. चिप थंड असेल तर ते तिच्यावरच साचते आणि आपण पुन्हा द्रवातल्या रिलीजपाशी येतो. पहिल्या चाचणीत चिपखालची तबकडी खोलीच्या तापमानाला होती आणि चिपवर घामासारखे ठिपके दिसले. तबकडी ४० अंशांवर नेल्यावर पोखरण्याचा वेग बराच मंदावला, पण ठिपके गेले. एकदम लांब पोखरण न करता पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या कराव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर चाचणीच्या पट्ट्या पाहाव्यात. त्यासाठी चिपच्या एका कडेला १ ते ४ मायक्रोमीटर रुंदीच्या पट्ट्यांची ओळ आखून ठेवली आहे. कितव्या रुंदीपर्यंतची पट्टी सुटली हे पाहिले की किती पोखरले गेले ते थेट कळते.

मुखवट्यासाठी आता ॲल्युमिनाचा पातळ थर वापरला. एचएफ वाफेला तो चांगला टिकतो. टिकले नाहीत ते माझे पॅड, म्हणजे प्रोबच्या सुया टेकवायचे धातूचे चौकोन. सोन्याखाली चिकटपणासाठी मी सवयीने टायटेनियम दिले होते आणि एचएफ टायटेनियम खाते. सोन्याचे चौकोन पापुद्र्यांसारखे उचलले गेले. यंत्र सांभाळणारे काका शांतपणे म्हणाले, “विचारलं असतंत तर क्रोमियम सांगितलं असतं.” पुढच्या तुकड्यावर क्रोमियम वापरले आणि पॅड जागेवर राहिले.

हे काम करू इच्छिणाऱ्यांसाठी येथेच लिहून ठेवतो : कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी नसेल तर एचएफची बाटली उघडू नये, आणि हे काम एकट्याने कधीही करू नये.

९ एप्रिल

प्रथमच पट्टी हलली, आणि ती एकदाच हलली.

हिशेबाप्रमाणे पुल-इन (पट्टी एकदम झेप घेऊन चिकटणे) ९ व्होल्टला व्हायला हवे होते आणि ते ९.४ ला झाले. पण त्याआधीची हालचाल इतकी थोडी होती की फेज जेमतेम सरकली. समांतर पट्ट्यांमध्ये विद्युत बल फट कमी होताच झपाट्याने वाढते, स्प्रिंगचे बल मात्र सरळ रेषेत वाढते. म्हणून फटीचा एक तृतीयांश भाग पार झाला की पट्टी झेप घेऊन चिकटते. २०० नॅनोमीटरच्या फटीत वापरता येण्याजोगी हालचाल केवळ ६६ नॅनोमीटरची होती. चिकटलेली पट्टी व्होल्टेज काढल्यावरही सुटली नाही. सहाही घटकांवर हेच घडले.

मोजणीत आणखी दोन दोष निघाले. स्पेक्ट्रममध्ये दोन ठिकाणी खोल खड्डे होते, कारण २ मायक्रोमीटर रुंद भरीव पट्टी हा स्वतःच एक वेव्हगाइड असतो. तिच्या वरच्या मोडपैकी (मोड म्हणजे वेव्हगाइडमध्ये प्रकाश वाहण्याची एक ठरलेली तऱ्हा) एखाद्याचा वेग आमच्या मोडशी जुळला की प्रकाश सरळ पट्टीत उडी मारतो. सिम्युलेशन मी एकाच तरंगलांबीला केले होते, त्यामुळे हे दिसले नव्हते.

दुसरा दोष इंटरफेरोमीटरखाली पाहिल्यावर कळला. ६० मायक्रोमीटर लांबीचा मोकळा वेव्हगाइड मध्यभागी ०.४ मायक्रोमीटर वर उचलला गेला होता, म्हणजे आपल्या जाडीच्या जवळजवळ दुप्पट. सिलिकॉनच्या थरात थोडा दाबाचा ताण शिल्लक असतो, आणि खालचा आधार गेला की तो पट्टीला कमानीसारखी वाकवतो. दोन्ही टोके धरलेल्या या मापाच्या पट्टीला वाकायला साडेसात मेगापास्कल पुरतात. थोडक्यात, वेव्हगाइड एका पातळीवर आणि पट्टी दुसऱ्या पातळीवर, अशा अवस्थेत मी फट मोजत बसलो होतो.

३० एप्रिल

चार महिन्यांची मुदत आज संपली. दुसरा आराखडा पाठवला.

सर्वांत मोठा बदल दिशेचा आहे. पट्टी आता वेव्हगाइडकडे न ओढता त्याच्यापासून दूर ओढायची. सुरुवातीची फट १२० नॅनोमीटर, आणि पट्टीच्या पलीकडे ६०० नॅनोमीटरवर स्वतंत्र इलेक्ट्रोड. आता एक तृतीयांश म्हणजे २०० नॅनोमीटर मोकळी हालचाल मिळते आणि चूक झालीच तर पट्टी इलेक्ट्रोडला चिकटेल, वेव्हगाइडला नव्हे. इलेक्ट्रोडच्या अलीकडे टोकदार थांबे दिले आहेत, म्हणजे चिकटली तरी पूर्ण कडेने चिकटणार नाही. पट्टी आणि वेव्हगाइड दोघांनाही शून्यावर जोडले आहे, त्यामुळे त्यांच्यात बलच निर्माण होत नाही. हे शेवटचे पहिल्याच दिवशी सुचायला हवे होते.

भरीव पट्टीऐवजी २०० नॅनोमीटर रुंदीची सळई घेतली असून ती आखूड आडव्या काड्यांनी मागच्या १.२ मायक्रोमीटरच्या कण्याला जोडली आहे. एवढ्या अरुंद सळईत आमच्या मोडशी जुळणारा मोड बसत नाही. वेव्हगाइडला पट्टीच्या विरुद्ध बाजूने दर २० मायक्रोमीटरवर १२० नॅनोमीटर रुंदीचे धरण-धागे दिले. लांबी एक तृतीयांश झाली की वाकण्यासाठी लागणारा ताण नऊपट होतो, म्हणजे सुमारे ६७ मेगापास्कल. स्प्रिंगा १५ मायक्रोमीटर लांब केल्या. एकत्रित कडकपणा मीटरला १.२ न्यूटन आणि अपेक्षित पुल-इन २५.५ व्होल्ट.

१८ जून

दुसरी चिप सपाट आहे आणि स्पेक्ट्रममधील खड्डे गेले आहेत. बारापैकी नऊ घटक हलतात व परत येतात. पण पाय एवढी फेज एकाही घटकावर मिळत नाही. उत्तमातला उत्तम घटक ०.६५ पायपर्यंत जातो आणि पुल-इन २५.५ ऐवजी २२.७ व्होल्टला होते.

सेममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) मोजले तेव्हा प्रत्येक रेषा आखलेल्यापेक्षा ४० नॅनोमीटर अरुंद निघाली. त्याचे दोन परिणाम होतात, आणि ते वेगवेगळ्या जागी होतात. स्प्रिंगचा कडकपणा रुंदीच्या घनावर अवलंबून असल्याने ३०० ची २६० झालेली स्प्रिंग ३५ टक्के मऊ होते. इलेक्ट्रोडची फट ४० ने वाढल्यामुळे त्यातील काही भाग भरून निघतो, आणि दोन्ही धरून आकडा नेमका २२.७ च्या आसपास येतो. फेजचे नुकसान मात्र सुरुवातीची फट १२० ची १६० झाल्यामुळे आहे. वेव्हगाइडबाहेरचे क्षेत्र घातांकाने घटत असल्याने या ४० नॅनोमीटरांनी परिणाम जवळजवळ निम्मा केला. ही तूट हालचाल वाढवून भरून काढता येत नाही, कारण जे क्षेत्र पट्टीपर्यंत पोहोचतच नाही ते पट्टी दूर नेऊन कमी कसे करणार?

कोरणीची कृती फेब्रुवारीनंतर बदलली होती, याची नोंद यंत्राच्या वहीत होती. मी ती वाचली नव्हती.

११ जुलै

तिसऱ्या फेरीसाठी ई-बीमची पाळी सप्टेंबरमध्ये आहे, तोपर्यंत याच चिपवर स्थिरता मोजायचे ठरवले. १८ व्होल्ट देऊन वीस मिनिटे ठेवल्यावर फेज ०.२ पायने सरकली. व्होल्टेज काढल्यावर ती लगेच मूळ जागी आली नाही, पुढच्या तासाभरात हळूहळू आली. दुसऱ्या दिवशी हेच निम्म्याने कमी झाले आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट.

आठवडाभर मी लेझर, फायबर आणि प्रोबच्या सुयांना दोष दिला. शेवटी भिंतीवरच्या आर्द्रतामापकाकडे लक्ष गेले. मोजणीची खोली क्लीनरूमच्या बाहेर आहे आणि मुंबईच्या जुलैमध्ये तिथली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. ऑक्साइड आणि ॲल्युमिनाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य थर बसतो, त्यावरून प्रभार हळूहळू सरकतात आणि इलेक्ट्रोडच्या आसपास साचतात. पट्टीला मग आम्ही दिलेले व्होल्टेज दिसत नाही, साचलेला प्रभार मिळवून जे होते ते दिसते.

ॲक्रिलिकचा डबा, दोन नळ्या आणि कोरडा नायट्रोजन, एकूण खर्च २,३०० रुपये. डब्यात तासभर नायट्रोजन सोडल्यावर हीच सरक वीस मिनिटांत ०.०३ पायवर आली.

२ ऑगस्ट

उरलेली सरक घालवण्यासाठी ध्रुव बदलत राहण्याची युक्ती वापरली. बल व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून अधिक १८ आणि उणे १८ व्होल्टला पट्टी एकाच जागी राहते, पण साचणारे प्रभार एकमेकांना खोडतात.

कागदावर हे ठीक आहे. प्रत्यक्षात आमच्या ॲम्प्लिफायरला अधिककडून उणेकडे जायला सुमारे दहा मायक्रोसेकंद लागत होते. पट्टीची स्वतःची वारंवारता ०.६ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे, म्हणजे शून्यावरून जाताना तिला घरी जाऊन परत येण्याइतका वेळ मिळत होता, आणि दर अदलाबदलीला प्रकाशात एक खोल दात दिसत होता. ॲम्प्लिफायर बाजूला ठेवून दोन स्थिर पुरवठ्यांमध्ये वेगवान ॲनालॉग स्विच बसवला. अदलाबदल आता ०.१ मायक्रोसेकंदात होते आणि दात जवळजवळ नाहीसा झाला आहे. दर सेकंदाला एकदा ध्रुव बदलल्यावर दोन तासांत फेजची सरक मोजणीच्या गोंगाटात बुडाली.

२२ ऑक्टोबर

तिसऱ्या चिपसाठी सर्व रेषा ४० नॅनोमीटर रुंद आखल्या. आखणीत १२० ची फट त्यामुळे ८० ची होते आणि ई-बीमला ती पेलेल की नाही अशी भीती होती. म्हणून वेगवेगळ्या मात्रेचे पाच तुकडे केले. त्यांपैकी दोनांत फटी मिटून गेल्या आणि तीन चांगले निघाले. सेममध्ये फट १२५ नॅनोमीटर, स्प्रिंग २९५.

मोजणीसाठी दोन वाटांच्या लांबीत १०० मायक्रोमीटरचा फरक असलेला माख-झेंडर इंटरफेरोमीटर वापरला. त्याच्या स्पेक्ट्रममधील प्रकाश-अंधाराच्या पट्ट्यांमधील अंतर ५.७ नॅनोमीटर आहे, म्हणजे पट्टे २.८५ ने सरकले की पाय. २१ व्होल्टला तेवढे सरकले. पुल-इन २५ व्होल्टच्या जरासे पुढे आहे, तेव्हा थोडी जागा हाताशी आहे. घटकामुळे होणारी प्रकाशाची हानी ०.६ डेसिबल आहे आणि तिच्यातला मोठा वाटा धरण-धाग्यांचा असावा, कारण धागे वगळलेल्या आखूड चाचणी-घटकांवर ती निम्मी आहे. यांत्रिक वारंवारता ०.७५ मेगाहर्ट्झ.

१९ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर विजेचा हिशेब केला. २१ व्होल्टला कोरड्या नायट्रोजनमध्ये गळती ३० पिकोॲम्पिअर निघाली, म्हणजे सुमारे ०.६ नॅनोवॉट. जुन्या चिपवरच्या हीटरला २४ मिलिवॉट लागतात. गुणोत्तर साडेतीन कोटींच्या वर जाते आणि सरांनी तो आकडा लगेच सादरीकरणात घातला.

मला तो आकडा एकट्याने दाखवणे पटत नाही. पट्टी आणि इलेक्ट्रोड यांची धारिता जेमतेम ०.२ फेमटोफॅरड आहे, तर प्रोब टेकवण्यासाठी केलेल्या १०० मायक्रोमीटरच्या एका पॅडची ०.१७ पिकोफॅरड, म्हणजे जवळजवळ नऊशेपट. प्रत्येक बदलाला खर्च होणारी ऊर्जा पट्टी हलवण्यात जात नाही, ती पॅड भरण्यात जाते. त्याच्यापुढे आमची ५ व्होल्टवरून २५ व्होल्ट करणारी पाटी (सर्किट बोर्ड) येते, आणि ती काहीही न करता १५० मिलिवॉट घेते. एकच घटक चालवायचा असेल तर सहा हीटर परवडले. बत्तीस घटक एकाच पाटीवर चालवले तरच हे सारे फायद्याचे ठरते, कारण पाटीचा खर्च घटकांच्या संख्येबरोबर फारसा वाढत नाही. सादरीकरणात आता दोन्ही आकडे आहेत.

१४ जानेवारी २०२५

आतापर्यंतचा खर्च १,६८,००० रुपये आणि एक वर्ष दहा दिवस. माझ्या वहीतल्या तारखांवरून प्रकाशाच्या सिम्युलेशनला एकूण तीन आठवडे लागले आहेत. रिलीज, अँकर, पॅड आणि रेषांची रुंदी यांनी सात महिने घेतले. बाकीचा काळ यंत्रांच्या पाळीची वाट पाहण्यात गेला.

तिसऱ्या चिपमधील एक तुकडा मुद्दाम उघड्या पेटीत, नायट्रोजनशिवाय, कपाटात ठेवला होता. आज बारा आठवड्यांनी त्यावरचे बारा घटक पुन्हा तपासले. नऊ पूर्वीसारखे चालतात. दोन थांब्यांना चिकटलेले आहेत आणि उरलेल्या एकाच्या फटीत धुळीचा कण अडकला आहे. तो कण काढण्याच्या प्रयत्नात मी सुईने स्प्रिंग तोडली, त्यामुळे पुढच्या नोंदीत घटक अकराच असतील.